घोडीजवळचा आवाज

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली दोन किंवा तीन लांबट पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना पिकअप म्हणतात. एक पट्टी मानेजवळ असते आणि एक अगदी खाली, तारा ज्या घोडीवर टेकतात त्या घोडीला लागून. ही खालची पट्टी म्हणजे ब्रिज पिकअप. गिटार शिकणारी पोरं या एका पट्टीपायी किती हैराण होतात, हे मला माझ्या भाच्यामुळे कळलं. रोशनगेटजवळ त्यांचं घर आहे. संध्याकाळी गेलो की वरच्या खोलीतून गिटारचा आवाज येत असतो. मानेकडचा पिकअप लावला की गोल, भरीव सूर. घोडीकडचा लावला की तोच सूर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. मग बटणं फिरवणं, स्क्रू पिळणं, पुन्हा वाजवणं. एकदा वैतागून त्याने मलाच विचारलं, "मामू, इत्ता तीखा कायकू बजता ये?"

मी गिटारवाला नाही. कवितेच्या वहीशिवाय दुसरं वाद्य माझ्याकडे नाही. पण त्याचा प्रश्न ऐकून मला मिरज आठवली. तार जिथे घोडीला भेटते तिथला योग्य आवाज कसा शोधायचा, हाच प्रश्न मिरजेच्या सतारमेकर मंडळींपुढे दीडशेहून अधिक वर्षं रोज सकाळी येतो आहे. तिथे त्याला जवारी म्हणतात, एवढाच फरक. आज बोलायचं आहे ते या प्रश्नाच्या इतिहासाबद्दल. मिरजेला आपण जाणारच आहोत, पण भाच्याचा प्रश्न गिटारचा आहे, तेव्हा सुरुवात अमेरिकेतून करू.

साधारण शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या नाचाच्या बँडमध्ये गिटार असायची, पण ऐकू यायची नाही. पितळी भोंगे आणि ढोल यांच्यापुढे लाकडी पेटीतला आवाज बुडून जायचा. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम नावाचा एक हवाईयन गिटार वाजवणारा होता. त्याने 1931 च्या सुमारास लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं वापरून एक युक्ती केली. पहिलं वेटोळं त्याने कपडे धुण्याच्या यंत्राच्या मोटरवर गुंडाळलं, असं सांगतात. ॲडॉल्फ रिकनबॅकर या कारखानदाराच्या मदतीने त्याची ॲल्युमिनियमची गिटार बाजारात आली. ती इतकी तव्यासारखी दिसायची की लोकांनी तिचं नावच 'फ्राइंग पॅन' ठेवलं. 1934 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि ऑगस्ट 1937 मध्ये ते मिळालं. हे 1937 साल लक्षात ठेवा, मिरजेत आपल्याला ते पुन्हा लागणार आहे.

युक्ती अशी. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की वेटोळ्यात अगदी नाममात्र वीज निर्माण होते. ती वाढवून स्पीकरला दिली की झाला आवाज. म्हणजे पिकअप हवेतला नाद टिपत नाही, तो तारेची हालचाल टिपतो, आणि तीही फक्त स्वतःच्या डोक्यावरच्या तेवढ्या इंचभर तारेची. सगळी गोष्ट इथेच आहे. कारण तार सगळीकडे सारखी हलत नाही.

लहानपणी आपण दोरीवरच्या उड्या मारलेल्या असतात. दोरी मध्यभागी सर्वांत जास्त उसळते आणि हाताजवळ जवळजवळ स्थिर असते. तारेचंही तसंच. पण तार एकाच वेळी अनेक तऱ्हांनी हलते. अख्खी हलते, तो मूळ स्वर. त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही हलत असते, ते उपस्वर. मूळ स्वराची मोठी हालचाल मध्यभागाकडे जास्त. घोडीपाशी ती दबून जाते, आणि तिच्या तुलनेत बारीक, उंच उपस्वरांची हालचाल ठळक होते. म्हणून मानेकडचा पिकअप गोड बोलतो आणि घोडीकडचा खरं बोलतो, असं माझं कवीमाणसाचं भाषांतर. शास्त्रज्ञ अर्थात असं म्हणणार नाहीत. ते सांगतील की तारेच्या बरोबर चतुर्थांशावर पिकअप ठेवला तर चौथा उपस्वर त्याला ऐकूच येत नाही, कारण त्या जागी तो उपस्वर स्थिर असतो. घोडीच्या अगदी लगत असलेल्या पिकअपपासून मात्र खालचे उपस्वर असे लपू शकत नाहीत.

या जागेची खरी किंमत ओळखली ती लिओ फेंडर या माणसाने. हा गृहस्थ वादक नव्हता. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. 1950 साली त्याने भरीव लाकडाची, पेटी नसलेली गिटार बाजारात आणली. दोन पिकअपच्या प्रकाराचं नाव 'ब्रॉडकास्टर' ठेवलं, म्हणजे थेट आपल्या आकाशवाणीच्या बिरादरीतलं. पण तशाच उच्चाराचं नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ड्रमला होतं, म्हणून 1951 मध्ये ते बदलून 'टेलिकास्टर' केलं. रेडिओचं नाव गेलं, टेलिव्हिजनचं आलं. काळच तसा होता.

टेलिकास्टरचा ब्रिज पिकअप नीट पाहिला तर तो तिरका बसवलेला दिसतो. पातळ तारांच्या बाजूला घोडीच्या जवळ, जाड तारांच्या बाजूला थोडा दूर. त्यामुळे पातळ तारा झणझणीत बोलतात आणि जाड तारांचा भरीवपणा टिकतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने वादकांना वाजवायला लावून, त्यांचं म्हणणं ऐकून हे ठरवलं. वाजवणारा वेगळा आणि आवाज शोधणारा वेगळा, अशी ही विभागणी. ती आपल्याकडे फार जुनी आहे, हे पुढे येईलच.

भाच्याचा प्रश्न कुठवर सुटला तेही सांगून टाकतो, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. पिकअप तारेच्या फार जवळ असला तर चुंबक तारेला ओढतो, सूर डळमळतो. फार दूर नेला तर आवाज मरगळतो. तारा आणि चुंबक यांच्यात एखाद्या नाण्याच्या जाडीएवढं अंतर ठेवून सुरुवात करायची, मग अर्धा अर्धा आटा फिरवत ऐकायचं. टोनचं बटण थोडं मागे घेतलं की वरची धार बोथट होते. घोडीजवळ तारेची हालचाल कमी, म्हणून कारागीर त्या पिकअपला बहुधा जास्त वेढे देतात. वेढे हजारोंनी असतात आणि तार केसाहून बारीक. दोन वेटोळी उलटसुलट जोडून वीजप्रवाहाची घरघर घालवण्याची युक्ती गिब्सन कंपनीत सेथ लव्हर याने 1955 मध्ये काढली. त्याने आवाज जाड झाला, शांत झाला, आणि काहींच्या मते थोडा गुळमुळीतही झाला.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट भाच्याला समजली ती यातल्या कुठल्याच स्क्रूने नाही. त्याच्या मित्रांनी एक दिवस बास आणि ड्रम आणले. खोलीत एकट्याने वाजवताना कानाला टोचणारा तोच ब्रिज पिकअपचा आवाज त्या गलबल्यात एकदम जागेवर बसला. मानेकडचा गोड आवाज मात्र बासच्या पोटात गडप झाला. एकट्याने ऐकला तर अपुरा वाटणारा आवाज चारचौघांत बरोबर असतो. गझलेतला रदीफ सुटा वाचला तर काहीच वाटत नाही, शेराच्या शेवटी आला की चमकतो, तसंच हे.

आपल्याकडे विजेची गिटार आली ती आधी मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची, हवाईयन. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी तिच्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या धुना माझ्या पिढीने रेडिओवर ऐकल्या. कोण वाजवतंय हे विचारायचं वय नव्हतं. शब्द नसलेलं गाणं म्हणून आम्ही ते ऐकायचो आणि शब्द आपले आपण म्हणायचो. मग 1971 साली 'हरे रामा हरे कृष्णा' आला आणि 'दम मारो दम'च्या सुरुवातीची गिटार घराघरांत पोचली. ती भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली आहे, तेच पुढे गझलगायक म्हणून आपण ओळखतो ते.

पण मराठी माणसाच्या कानावर विजेच्या पिकअपचा आवाज सर्वांत जास्त पडला असेल, तर तो गिटारमुळे नव्हे. तो बेंजोमुळे. गणपतीची मिरवणूक असो, हळद असो, कोळीवाड्यातलं लग्न असो, बेंजो पार्टी हवीच. 2016 साली 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटही आला, रितेश देशमुखचा. हे वाद्य अमेरिकन बँजो नाही. 1912 साली जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो याने तायशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं. आडव्या पेटीवर तारा ताणलेल्या आणि टंकलेखन यंत्रासारख्या कळा. कळ दाबली की तार दबते, दुसऱ्या हाताने छेडायची. ते समुद्रमार्गे आपल्याकडे आलं आणि बुलबुलतरंग झालं, बलुचिस्तानात बेंजू झालं आणि महाराष्ट्रात बेंजो. मिरवणुकीत ढोलताशांपुढे त्याची तीच गत झाली जी अमेरिकेत गिटारची झाली होती. मग आपल्याकडच्या वादकांनीही तोच उपाय केला. तारांखाली पिकअप बसवला आणि आवाज कर्ण्यातून सोडला.

बेंजोचा तो चिरका, नाकातून आल्यासारखा आवाज शिष्ट मंडळींना आवडत नाही. माझं मत वेगळं आहे. आमच्या शहरात, म्हणजे औरंगाबादेत, 2023 पासून ज्याचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे त्या शहरात, गुलमंडीवरून मिरवणूक निघाली की चार गल्ल्या पलीकडे ढोल नुसता धपधप ऐकू येतो, पण गाणं कोणतं ते बेंजो सांगतो. कव्वालीतही मी बेंजो ऐकला आहे. टाळ्या, ढोलक, बाजा आणि सहा-सात गळे यांच्या वर तरंगत राहणारी ती एक रेघ. तिथे तो गुळगुळीत असता तर कुणाला ऐकूच आला नसता.

आता मिरज.

मिरजेतल्या वाद्यनिर्मितीची कहाणी तलवारीपासून सुरू होते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. मराठेशाही संपली, इंग्रजी अंमल आला, तलवारी म्यानात गेल्या आणि शिकलगारांचं काम सुटलं. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन संगीताचे शौकीन. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गवई त्यांच्या आश्रयाला होते आणि त्यांच्याकडेच विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. गवई आले की तंबोरे आले, आणि तंबोरे आले की दुरुस्ती आली. 1850 च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी हे काम हातात घेतलं. दुरुस्तीतून घडण समजली, आणि मग मिरजेचा स्वतःचा तंबोरा आणि स्वतःची सतार तयार झाली. पुढे त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर पडलं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी आणि माणसं मुसलमान. अशी आडनावं मला फार आवडतात.

भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूरच्या आसपासच्या शेतांतून. हा खायचा भोपळा नाही, कडू असतो. तो वेलीवर पूर्ण वाढू द्यायचा, मग महिनोन् महिने वाळवायचा. तबली आणि दांडी तुणीच्या लाकडाची. हे सगळं जुळवून, रंगरोगण करून, तारा चढवून तंबोरा उभा राहिला तरी तो अजून मुका असतो. म्हणजे वाजतो, पण बोलत नाही. त्याला बोलतं करण्याचं काम घोडीवर होतं.

काही वर्षांपूर्वी कविसंमेलनाच्या निमित्ताने सांगलीला गेलो असताना वाट वाकडी करून मिरजेत एका कारागिरासमोर दुपारभर बसलो होतो. वय सत्तरीच्या पुढचं. मी त्यांना चाचा म्हणत होतो आणि ते मला शायरसाब. जवारी काढायला बसण्यापूर्वी त्यांनी पंखा बंद करायला सांगितला. नातवंडांना अंगणात पिटाळलं. मग घोडीवरून तारा बाजूला सरकवून बारीक कानशीने घोडीच्या माथ्यावर दोन-तीन हलके हात फिरवले. तार पुन्हा जागेवर. छेडली. डोळे मिटले. पुन्हा तार बाजूला. मला पहिल्या आणि दहाव्या खेपेत काडीचाही फरक कळत नव्हता. विसाव्या खेपेला मात्र खोलीत काहीतरी झालं. जणू तारेच्या आतून दुसरी तार बाहेर आली. चाचा काही बोलले नाहीत, चहा मागवला.

होतं काय, तर गिटारच्या घोडीवर तार एका धारदार कडेवर टेकलेली असते. टेकली, की तिथे संपली. तंबोऱ्याची घोडी तशी नाही. तिचा माथा रुंद असतो आणि त्याला अगदी पुसटसा उतार असतो, नुसत्या डोळ्याला तो सपाटच वाटतो. तार त्या उतारावर झोपते. छेडल्यावर तार खाली आली की माथ्याला थोडी जास्त चिकटते, वर गेली की सुटते. हे टेकणं-सुटणं सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि दर वेळी तारेला एक सूक्ष्म ठेच लागते. त्या ठेचांमधून उंच उपस्वर पुन्हा पुन्हा जागे होत राहतात. उतार जास्त झाला की तार लवकर सुटते आणि आवाज कोरडा पडतो. कमी झाला की ती नुसती खरखरते. आणि या दोहोंच्या मध्ये जागा किती, तर कानशीच्या एका हाताएवढी.

शेवटची युक्ती दोऱ्याची. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा एक तुकडा सरकवायचा आणि तो पुढेमागे करत ऐकत राहायचं. एका ठिकाणी आवाज उमलतो. तिथे थांबायचं. काही जण जवारीला जिवारी म्हणतात आणि त्यात 'जीव' आहे असं सांगतात. शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, तो दोरा योग्य जागी आला की हे सांगणं पटतं. स्वयंभू गांधार म्हणतात तो याच वेळी ऐकू येतो. कोणतीही तार गांधारात लावलेली नसते. चार तारा पंचम आणि षड्जाच्याच, तरी खर्जाच्या तारेतून गांधार निघतो, कारण तो तिचा पाचवा उपस्वर आहे.

या कोड्याने चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही पछाडलं होतं. नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी, 1921 साली, कलकत्त्यात त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. युरोपात थॉमस यंग याचा नियम प्रमाण मानला जाई. तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर जो उपस्वर स्थिर असतो तो उमटणार नाही. आपल्या भाच्याच्या पिकअपला लागू पडणारा नियम तो हाच, फक्त उलट्या टोकाने. पिकअप जिथे असतो तिथे स्थिर असलेला उपस्वर त्याला ऐकू येत नाही. रामन यांनी दाखवलं की तंबोरा आणि वीणा हा नियम जुमानत नाहीत. जो उपस्वर उमटायला नको, तो घोडीच्या रुंद माथ्यामुळे आणि दोऱ्यामुळे स्पष्ट उमटतो. मिरजेत तोवर हे काम सत्तर वर्षं चालू होतं. कारागिरांना यंगचं नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मिरजेची गोष्ट अब्दुल करीम खाँसाहेबांशिवाय पुरी होत नाही. किराना घराण्याचा हा गवई उत्तरेतून आला, बडोद्याला राहिला, 1913 मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं आणि अखेर मिरजेचाच झाला. त्यांच्या गाण्यात सुराचा जो ध्यास आहे तो तंबोऱ्यापासून सुरू व्हायचा. ते स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे, जवारी काढायचे. गवई आणि कारागीर एकाच देहात, असं क्वचित घडतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स श्रुतींची मोजदाद करत होते, तेव्हा त्यांनी खाँसाहेबांच्याच कानाचा आधार घेतला. ऑक्टोबर 1937 मध्ये, म्हणजे बीचमला गिटारचं पेटंट मिळाल्यावर अवघ्या दोन महिन्यांनी, मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर त्यांचं निधन झालं. तंबोरा जुळवायला सांगून गातागाता त्यांनी प्राण सोडला, असं सांगतात. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते.

सतारीच्या जवारीला तर मतंही असतात. पंडित रविशंकरांची जवारी खुली. तार छेडली की झणकार पसरतो. उस्ताद विलायत खाँ यांची बंद. गोलसर, गळ्यातून आल्यासारखी. दोघांच्या सतारी डोळे मिटून ओळखता येतात त्या बऱ्याच अंशी घोडीच्या माथ्यावरून. या फरकावर मैफलीनंतर तासन् तास वाद घालणारे रसिक मी पाहिले आहेत. ज्यांनी तो माथा घासला, त्यांचं नाव मात्र त्या वादात कधी निघत नाही.

आणि मग एक गंमत झाली. 1965 साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने एका गाण्यात सतार वाजवली आणि पश्चिमेला तिचं वेड लागलं. सतार शिकायला वर्षं लागतात, स्टुडिओतल्या गिटारवाल्याला तेवढा वेळ कुठला? व्हिन्सेंट बेल या न्यूयॉर्कच्या वादकाने 1967 मध्ये डॅनइलेक्ट्रो कंपनीसाठी 'कोरल इलेक्ट्रिक सितार' तयार केली. वाजवायची गिटारसारखी, पिकअप गिटारचे, पण घोडी रुंद माथ्याची, तार तिच्यावर घासून झणकारणारी. म्हणजे मिरजेची जवारी आणि बीचमचं वेटोळं एका लाकडावर आलं. आवाज सतारीचा होतो का? नाही. सतारीची नक्कल करणाऱ्या गिटारचा होतो, आणि तोही त्या काळच्या गाण्यांत कानाला गोड लागतो. उलट दिशेनेही प्रवास झाला. निलाद्री कुमार यांनी सतारीला विजेच्या गिटारच्या जवळ नेलं आणि त्या वाद्याला 'झितार' नाव दिलं.

जवारीला खरा धक्का मात्र गिटारने दिला नाही. तो एका डब्याने दिला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. नंतर तो मोबाइलमध्ये गेला. एकट्याने रियाज करणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा फार उपयोग झाला, हे मान्य केलंच पाहिजे. चारपाच फुटी भोपळा घेऊन लोकलमध्ये कोण चढणार? पण त्या डब्याला घोडी नाही. त्याचा आवाज पहिल्या दिवशी जसा असतो तसाच हजाराव्या दिवशी. खऱ्या तंबोऱ्याची जवारी तारांच्या घासण्याने उतरते. माथ्यावर बारीक चर पडतात, आवाज बसतो आणि पुन्हा कानस लागते. तंबोरे वापरात असतील तरच जवारी उतरणार, आणि उतरली तरच ती काढायला कुणीतरी शिकणार. हात आणि कान एकत्र तयार व्हायला किती वर्षं लागतात असं मी चाचांना विचारलं होतं. त्यांनी आकडा सांगितला नाही. दोन मुलं नोकरीला आहेत, एवढंच म्हणाले.

घोडीचा माल बदलला. पूर्वी हस्तिदंत, सांबरशिंग असायचं. कायद्याने हस्तिदंत गेला, आता उंटाचं हाड, शिसवी लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि प्रत्येकावर कानस वेगळी चालते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे मिरजेच्या नावावर भलताच माल विकणं अवघड होईल आणि परदेशी गिऱ्हाइकाला खात्री मिळेल. कान मात्र मानांकनात मावत नाही, तो गल्लीतच तयार व्हावा लागतो.

दुरुस्तीला तंबोरा आला की चाचा आधी एकच विचारायचे, पट्टी कोणती? गाणारा काळी एकमध्ये गातो की गाणारी काळी चारमध्ये, हे कळल्याशिवाय ते कानशीला हात लावत नसत. पट्टी बदलली की तारेचा ताण बदलतो, ताण बदलला की तार माथ्यावर वेगळी झोपते. एकीसाठी काढलेली जवारी दुसऱ्याला चालत नाही. मी गेलो त्या दिवशी एक गाणारी मुलगी कोल्हापूरहून तंबोरा घेऊन आली होती. चाचांनी तिला समोर बसवलं, षड्ज लावायला सांगितला आणि ती गात असतानाच दोरा सरकवायला सुरुवात केली.